परक्याचं ओळखपत्र

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिकडे थंडी किती असते आणि जेवणाचं काय करणार? मग कुणी थालीपिठाची भाजणी देतं, कुणी लोणच्याची बरणी. तिकडच्या सरकारी दप्तरात तुमचं नाव कुठे लागणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. आज त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

२००४ साली आम्ही दोघं पुण्याहून तोक्योला गेलो. यजमान संगणकाच्या क्षेत्रात. मी एका कॉलेजात गणित शिकवत होते, ती नोकरी सोडून गेले. पोचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी यजमान म्हणाले, "उद्या वॉर्ड ऑफिसला जायचंय, तुझं कार्ड काढायला." त्या वेळी जपानमध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला स्थानिक पालिकेत जाऊन नोंदणी करावी लागे. नोंदणी झाली की एक कार्ड मिळे. जपानीत त्याचं नाव लांबलचक होतं, पण परदेशी मंडळी त्याला 'गाइजिन कार्ड' म्हणत. 'गाइ' म्हणजे बाहेर आणि 'जिन' म्हणजे माणूस. थोडक्यात, बाहेरच्या माणसाचं कार्ड.

वॉर्ड ऑफिस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपलं वॉर्ड ऑफिस उभं राहिलं. मी जेवणाचा डबा घेऊनच निघाले होते. तिथे मात्र यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि खुर्चीवर बसायचं. वीस मिनिटांत नंबर लागला. पासपोर्ट, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचे दोन फोटो आणि एक फॉर्म, एवढंच काम. अडलं ते नावापाशी. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, मग यजमानांचं नाव आणि मग कुलकर्णी हे आडनाव. यातलं नाव कोणतं, मधलं काय आणि आडनाव कुठलं, हे समजून घेण्यात खिडकीवरच्या बाईंची पाच मिनिटं गेली. जपानी माणसाला मधलं नाव नसतं. शिवाय जपानीत 'ल' नाही आणि जोडाक्षरंही आपल्यासारखी नाहीत. त्यामुळे कुलकर्णीचं झालं 'कुरुकारुनी'. पुढची नऊ वर्षं मी कुरुकारुनीच होते. एका दवाखान्यात तर नर्सनं यजमानांच्या नावानंच मला हाक मारली, आणि मी शेजारी बघत बसले की कोण उठतंय.

तीनेक आठवड्यांनी कार्ड हातात आलं. फोटो, जन्मतारीख, देश, पत्ता, सही. त्याखाली कुटुंबप्रमुख म्हणून यजमानांचं नाव. आणि निवासाचा प्रकार, 'काझोकु ताइझाइ', म्हणजे कुटुंबासोबत वास्तव्य. या प्रकारात नोकरी करता येत नाही. वेगळा अर्ज करून परवानगी मिळवली तर आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येतं. अकरा वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली मी, त्या कार्डावर फक्त कुणाची तरी बायको होते. कुणी माझा अपमान केला नव्हता. उलट खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही हातांनी, वाकून ते कार्ड दिलं होतं. तरी त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

पण कार्डाचा उपयोगही सांगायला हवा. बँकेत खातं उघडलं ते त्या कार्डावर. मोबाइल मिळाला तो त्या कार्डावर. लायब्ररीनं पुस्तकं दिली तीही त्याच्यावरच. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, अशा गावात 'ही बाई अमुक पत्त्यावर राहते' असं एक सरकार सांगतंय, हा आधार काही लहान नव्हता.

या कार्डाची एक अट होती आणि आजही आहे. सोळा वर्षांवरच्या माणसानं ते सतत जवळ बाळगायचं. पोलिसांनी मागितलं तर दाखवायचं. जवळ नसलं तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. २००५च्या जानेवारीत, एका संध्याकाळी, मी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले. हातात सुटे पैसे तेवढे होते. सायकलवरून पोलीस आला, थांबला, अगदी अदबीनं कार्ड मागितलं. मी हातवारे करून 'घरी, घरी' म्हणत राहिले. तो मला 'कोबान'मध्ये घेऊन गेला. कोबान म्हणजे नाक्यावरची पोलीस चौकी. मी आयुष्यात पहिल्यांदा पोलीस चौकीची पायरी चढले, तीही हातात दुधाचा डबा धरून.

तेवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी समोरून जाताना दिसल्या. साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. जिन्यात भेटल्या की आम्ही एकमेकींना नमस्कार करायचो, एवढीच ओळख. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "ही माझ्या वरच्या घरात राहते. मी ओळखते हिला." मग त्यांनी पर्स उघडली आणि स्वतःचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी बघतच राहिले. ते माझ्यासारखंच कार्ड होतं. बाहेरच्या माणसाचं.

मला वाटत होतं आजी जपानी आहेत. बोलणं जपानी, टपालपेटीवरचं आडनाव जपानी. पुढे त्यांच्याकडे माझं जाणं-येणं वाढलं. माझी तोडकीमोडकी जपानी आणि वहीवर लिहिलेले आकडे, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला आपली हकिगत सांगितली. त्यांचे आईवडील कोरियातून ओसाकाला कारखान्यात काम करायला आले. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, तेव्हा कोरियन माणसं कायद्यानं जपानची प्रजा होती. आजींचा जन्म १९४१चा, ओसाकातलाच. युद्ध संपलं, कोरिया सुटला. २८ एप्रिल १९५२ रोजी जपानचा शांतता करार अमलात आला आणि जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन लोकांचं जपानी नागरिकत्व गेलं. त्याच साली परदेशी नोंदणीचा कायदा झाला. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. घर तेच, गल्ली तीच, शाळा तीच. त्या मात्र परदेशी झाल्या.

१९५५ पासून या नोंदणीत बोटाचा ठसा घ्यायला सुरुवात झाली. आजींना त्याच साली चौदा वर्षं पूर्ण झाली होती. त्या म्हणाल्या, "शाळेतल्या मैत्रिणींना काय सांगू, म्हणून मी दोन दिवस ते बोट मुठीत लपवून ठेवलं." ठसे चोरांचे घेतात, आपले का घेतात, हे त्यांना कळत नव्हतं.

हा प्रश्न एकट्या आजींचा नव्हता. १९८० साली तोक्योच्या शिंजुकु भागात हान जोंग-सोक नावाच्या कोरियन गृहस्थांनी ठसा द्यायला नकार दिला. त्यांच्यामागून हजारो लोक उभे राहिले. काहींवर खटले चालले. शेवटी जानेवारी १९९३ पासून कायमच्या रहिवाशांचे ठसे घेणं थांबलं आणि एप्रिल २००० पासून नोंदणीतले सगळ्यांचेच ठसे बंद झाले. मी २००४ साली फक्त सही करून मोकळी झाले, ती या लोकांमुळे. हे मला माहीतही नव्हतं. पुढे नोव्हेंबर २००७ पासून देशात शिरताना विमानतळावर परदेशी प्रवाशांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालं. त्यातून आजींसारख्या जुन्या रहिवाशांना वगळलं होतं, एवढं बरं.

"नागरिकत्वासाठी अर्ज का नाही केलात?" असं मी एकदा विचारलं. पुष्कळ जणांनी तो केलाही आहे. आजी म्हणाल्या, "जिथे जन्मले तिथलीच आहे, असं अर्ज करून सांगायचं?" यावर मी काय बोलणार?

जपानी नागरिकांची नोंद वेगळ्या वहीत असते. घरात कोण कोण राहतं, याचा तो दाखला. 'जुमिन्ह्यो' म्हणतात त्याला. त्या वेळी त्यात परदेशी माणसाचं नाव नसे. जपानी नवऱ्याच्या दाखल्यावर परदेशी बायको घरातली माणूस म्हणून दिसत नसे. याचा एक गमतीदार किस्सा आमच्या जपानीच्या वर्गात ऐकला होता. २००२ साली तोक्योजवळच्या तामा नदीत एक सील आलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं तामा-चान. ते इतकं लाडकं झालं, की फेब्रुवारी २००३ मध्ये योकोहामाच्या निशी वॉर्डानं त्याला सन्मानाचा जुमिन्ह्यो दिला. तेव्हा काही परदेशी रहिवासी सीलसारखा वेष करून निषेध करायला गेले. आम्ही कर भरतो, मुलं वाढवतो, मग सीलला मिळालेला दाखला आम्हाला का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्गात सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना ते हसू टिकलं नाही.

२००६ साली आमची मुलगी तिथेच जन्मली. जपानचं नागरिकत्व जन्मस्थानावर नाही, आईवडिलांच्या नागरिकत्वावर मिळतं. त्यामुळे चौदा दिवसांत जन्माची नोंद, तीस दिवसांत निवासाच्या परवान्याचा अर्ज, साठ दिवसांत परदेशी म्हणून नोंदणी, असं सगळं रांगेनं आलं. बाळंतपणातून उठते न उठते तोच मी तिला दुपट्यात गुंडाळून वॉर्ड ऑफिसच्या खुर्चीवर बसले. तिचं कार्ड आलं. वय लहान म्हणून फोटो नव्हता, फोटोची जागा कोरीच होती. मान न धरणारं ते पोर सरकारी कागदावर बाहेरचं माणूस होतं.

ते कार्ड मी आजींना दाखवलं. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि तिच्या नावानं हाक मारली. नाव मोडकंतोडकं उच्चारलं, पण पूर्ण उच्चारलं. मला अजूनही वाटतं, त्या देशात माझ्या मुलीची खरी नोंदणी त्या दिवशी झाली.

९ जुलै २०१२ रोजी जुना कायदा गेला. परदेशी नोंदणी बंद झाली, नवं निवास कार्ड आलं आणि परदेशी रहिवाशांची नावं त्या जुमिन्ह्योत, शेजाऱ्यांच्या नावांबरोबर आली. आजींच्या पिढीच्या लोकांना वेगळा दाखला मिळाला आणि तो सतत खिशात बाळगायची सक्तीही गेली. मी आमच्या घराचा जुमिन्ह्यो काढून आणला. एका कागदावर तिघांची नावं. आजींनी आपलाही काढला होता. एकटीचं नाव. तो कागद त्यांनी घडी न घालता टेबलावर ठेवला होता.

मंडळी, आज आपली मुलं मोठ्या संख्येनं बाहेर जाताहेत. एकट्या जपानमध्ये २०२४ च्या अखेरीस ३७ लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते, त्यात आपले भारतीय पन्नास हजारांवर. त्यांना भाजणी, लोणचं जरूर द्या, पण चार गोष्टी सांगूनही ठेवा. नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर आता उतरल्याबरोबर निवास कार्ड हातात मिळतं, पण काम तिथे संपत नाही. राहायची जागा ठरल्यापासून चौदा दिवसांत पालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. घर बदललं की पुन्हा नोंदवायचा. कार्डावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवायची. दूध आणायला जातानाही कार्ड खिशात हवं. आणि पासपोर्ट काढतानाच नाव नीट विचार करून लिहा, कारण तेच नाव पुढे प्रत्येक कागदावर येतं.

आणखी एक गोष्ट सांगते. ती तिकडे जाणाऱ्यांसाठी नाही, इथे राहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडेही १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. पुण्यात शिकायला आलेली आफ्रिकेतली, इराणमधली मुलं आपण रोज पाहतो. त्यांच्याही खिशात असले कागद असतात, त्यांच्याही नावाचं काहीतरी वेगळंच झालेलं असतं. कागद मागणारे त्यांना पुष्कळ भेटतात. "मी ओळखते हिला" असं म्हणणारं माणूस क्वचित भेटतं.

२०१३ साली आम्ही परत आलो. विमानतळावर अधिकाऱ्यानं आमच्या नव्या कार्डांना भोक पाडलं आणि ती आठवण म्हणून परत दिली. माझं कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी आहे. निघायच्या दिवशी आजींनी ती दिली होती. तिच्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आहे. टपालपेटीवरचं जपानी नाव नाही, आईवडिलांनी ठेवलेलं कोरियन नाव. नऊ वर्षांत ते मी कधी विचारलं नव्हतं.