जुनी डिझेल जीप: घरची तपासणी

जुनी डिझेल जीप सकाळी सुरू होत नसेल, तर पाना हातात घेण्यापूर्वी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. सेल्फ जोमाने फिरतो, पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही, म्हणजे डिझेल पोचते आहे, ते पेटत नाही. एवढे पाहिल्याशिवाय पंप किंवा नोझल खोलायला घेणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणे.

महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९८० च्या दशकात आलेल्या एमएम ५४० ला प्यूजोच्या आराखड्याचे चार सिलिंडरचे २११२ सीसी डिझेल इंजिन मिळाले. या इंजिनात स्पार्क प्लग नाही, कार्बोरेटर नाही. आत दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. त्यामुळे दोष शोधण्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि त्या घरी तपासता येतात.

धूर नसेल तर पहिला संशय लाइनमध्ये शिरलेल्या हवेचा. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा रबरी नळीला बारीक चीर गेली की हवा शिरते. डिझेल दबत नाही, हवा दबते, म्हणून पंपाचा दाब त्या हवेतच जिरतो आणि नोझल उघडत नाही. एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारत राहावे. आधी फसफस होते, मग फेसाळ डिझेल येते, शेवटी अखंड धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. घाईने आधी आवळला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. नोझलकडची एअर काढताना पाइपचे नट सैल करून सेल्फ मारतात. तेव्हा हात आणि चेहरा दूरच हवा, कारण तिथला दाब डिझेल थेट कातडीत घुसवू शकतो.

एअर काढल्यावर गाडी चालते, पण रात्रभर उभी राहिली की पुन्हा तेच, असे झाले तर टाकी ते पंप हा ओढीचा भाग तपासावा. इंजिन चालू असताना तिथून डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून ओला डाग शोधून काही हाती लागत नाही. तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

पांढरा धूर असेल तर आतली हवा आधी तापवणारे हीटर प्लग तपासावेत आणि बॅटरीही पाहावी. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ रेंगाळत असेल तर दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. बॅटरी बदलण्याआधी टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी आणि चॅसीवरचे आर्थिंग घासून साफ करावे. बरेचदा तेवढ्याने काम होते.

चालत्या गाडीचा काळा धूर बहुधा कोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो. ऑइलच्या वाडग्याचा जुना फिल्टर असेल तर तळाशी बसलेला गाळ काढून खुणेपर्यंत ताजे ऑइल भरावे. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याचा. ते काम गॅरेजचे.

पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या जीपच्या अॅक्सल हाउसिंगकडे विशेष लक्ष हवे. गरम हाउसिंग गार पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा थकलेल्या सीलमधून पाणी ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले तर ते तसेच ठेवू नये. बेअरिंग गंजण्याआधी ऑइल बदलावे. डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन अधूनमधून सैल करून साचलेले पाणीही सोडावे.

शाफ्टच्या क्रॉसला आणि पाट्यांच्या शॅकलला ग्रीसगनने ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. गाडीखाली शिरण्याआधी चाकांना अडण आणि चॅसीखाली भक्कम लाकडी ठोकळे हवेत, नुसत्या जॅकवर कधीच भरवसा ठेवू नये.

फोर व्हील लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवणेही टाळावे. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, मधे डिफरन्शियल नसल्याने तो फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो आणि फोर व्हीलची लिव्हर अडकते. अशा वेळी ती हिसडू नये. थोडे मागे-पुढे केले की पीळ उतरतो आणि लिव्हर हलक्या हाताने सुटते.