इलेक्ट्रॉनिक उद्योगापुढील आव्हाने आणि माणसांची घडण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या शाळेपासून दूरचा वाटेल. बहुराष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक कंपनीपुढे कोणती आव्हाने असतात आणि त्यांना तोंड देताना माणसांचे, म्हणजे ज्याला आज मनुष्यबळ म्हणतात त्याचे, स्थान काय, असा हा विषय आहे. परंतु आपली कित्येक मुले आयटीआय, डिप्लोमा वा अभियांत्रिकीकडे वळत आहेत. उद्या त्यांना ज्या जगात काम करायचे आहे त्याची रीत त्यांच्या आईवडिलांनीही समजून घेतली पाहिजे.

उदाहरण म्हणून जपानची मात्सुशिता कंपनी घेऊ. तिचा माल पॅनासॉनिक या नावाने जगभर खपला आणि २००८ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले. संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांचा जन्म १८९४ सालचा. वडिलांना तांदळाच्या सट्ट्यात खोट आली, घर बसले आणि नऊ वर्षांच्या या मुलाला शाळा सोडून ओसाका शहरात शेगड्यांच्या दुकानी उमेदवारी करावी लागली. पुढे त्यांनी वीज कंपनीत नोकरी केली आणि १९१८ मध्ये पत्नी व मेहुणा यांच्या साथीने राहत्या घरात दिव्याचे प्लग व सॉकेट बनवण्याचा धंदा सुरू केला.

या गोष्टीचा चुकीचा अर्थ कोणी काढू नये. शाळा सोडूनही माणूस मोठा होतो, असा धडा येथे नाही. ज्याला स्वतःला शाळा पुरी करता आली नाही, त्यानेच १९३४ साली आपल्या कारखान्यात कर्मचाऱ्यांसाठी शिक्षण संस्था काढली. आपली कंपनी आधी माणसे घडवते आणि मग विजेच्या वस्तू, असा त्यांचा विचार होता.

या विचाराची कसोटी त्याआधीच लागली होती. १९२९ च्या अखेरीस जागतिक मंदीची झळ जपानला पोहोचली. विक्री निम्म्यावर आली, गोदामे मालाने भरली. निम्मे कामगार कमी करावेत असा सल्ला मात्सुशितांना मिळाला. ते त्या वेळी आजारी होते. त्यांनी उत्पादन निम्मे केले, कामाचा दिवस अर्धा केला, परंतु एकाही माणसाला काढले नाही आणि पगारातून पैसाही कापला नाही. उरलेल्या वेळात सर्वांनी माल विकावयाचा, एवढीच अट घातली. दोनएक महिन्यांत साठा संपला. मनुष्यबळ विभागाची पुस्तके पुढे पुष्कळ लिहिली गेली, पण त्यांचे सार या एका निर्णयात आहे. ज्याला आपण परके मानत नाही तो संकटात आपला होतो.

मात्र चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९८५ नंतर येनचा भाव झपाट्याने वाढला, जपानी माल परदेशात महाग झाला आणि कारखाने दुसऱ्या देशांत जाऊ लागले. कोरिया, तैवान आणि चीनमधील कंपन्या तोच माल स्वस्तात देऊ लागल्या. संस्थापक १९८९ साली वारले. मार्च २००२ मध्ये संपलेल्या वर्षी कंपनीला सुमारे ४३ हजार कोटी येनांचा तोटा झाला आणि जपानमधील सुमारे १३ हजार कर्मचाऱ्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. पुढे प्लाझ्मा टीव्हीवर प्रचंड भांडवल लावले गेले, पण ग्राहक एलसीडीकडे वळला. २०१२ आणि २०१३ या दोन्ही आर्थिक वर्षांत प्रत्येकी ७५ हजार कोटी येनांहून अधिक तोटा आला आणि २०१३ अखेर प्लाझ्माचे उत्पादन थांबले. २०२५ च्या मे महिन्यात कंपनीने आणखी १० हजार जागा कमी करण्याची घोषणा केली.

तेव्हा आजन्म नोकरीची हमी आता जपानमध्येही उरलेली नाही. प्लाझ्माच्या पडद्याचे काम जाणणाऱ्या कुशल माणसाचे कौशल्य चार-सहा वर्षांत निरुपयोगी होऊ शकते. अशा वेळी मनुष्यबळ विभागाचे खरे काम नेमणुका आणि रजा पाहणे एवढेच नसते. उद्याचे काम आजच ओळखून माणसाला त्यासाठी तयार करणे, हे त्याचे काम होय. जेथे हे होत नाही, तेथे चूक वरच्यांची असते आणि किंमत खालचे मोजतात.

आपल्या भगिनींसाठी आणखी एक उदाहरण देतो. १९७० नंतर मलेशियात परदेशी इलेक्ट्रॉनिक कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आणि खेड्यांतील हजारो मुस्लिम मुली तेथे कामाला लागल्या. त्यांच्या मिळकतीवर घरे चालली, धाकटी भावंडे शिकली. परंतु त्यांची बोटे चपळ आहेत म्हणून त्यांची वाखाणणी झाली आणि वेतन मात्र कमीच राहिले. या उद्योगातील कामगारांना राष्ट्रीय पातळीवर संघटना करण्यास सरकारने अनेक वर्षे परवानगी दिली नाही. शिक्षण थोडे असलेली मुलगी जोडणीच्या पट्ट्यावरच राहिली. तिला तेथून वर नेणारी शिडी म्हणजे पुढचे शिक्षण. म्हणून दहावीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढताना शंभरदा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या महाराष्ट्रातही पुण्याजवळ रांजणगावला एलजीसारख्या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. अशा ठिकाणी नोकरीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली, गणित, विज्ञान आणि भाषा यांचा पाया पक्का करा. यंत्र बदलले तरी पाया बदलत नाही. दुसरी, नेमणुकीचा कागद नीट वाचा. काम कायम की कंत्राटी, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो की नाही, प्रशिक्षण मिळते की नाही, हे विचारण्यात संकोच नको. तिसरी, प्रमाणपत्र हाती आले म्हणजे शिक्षण संपले असे समजू नका.

पालकांना एवढेच सांगेन की, मुलगा कोठे चिकटला याबरोबर तो तेथे काय शिकतो, हेही त्याला विचारीत जा. इल्म मिळवणे हे आपल्या धर्माने कर्तव्य मानले आहे, आणि त्या कर्तव्याला वयाची मर्यादा नाही. कंपनी माणसे घडवील तेव्हा घडवील, पण माणसाची पहिली घडण घरात आणि शाळेत होते. ती जबाबदारी तुमची आणि आम्हा शिक्षकांची आहे.