बंदुकीआधी मोजणी
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या बैठकीत एक प्रश्न हटकून येतो. "भाऊ, अमेरिकेत शेतकरी हरीण मारतो, खातो, त्याला कोणी अडवत नाही. आम्ही रोह्याच्या मागं काठी घेऊन धावलो तरी जंगलखात्याची भीती. असं का?" प्रश्न रास्त आहे. रात्रभर जागल करून सकाळी तुरीचे शेंडे खुडलेले आणि ज्वारी लोळवलेली ज्यानं पाहिली, त्याला हा प्रश्न पडणारच. आज त्याचंच उत्तर देतो.

पहिली गोष्ट, अमेरिकेत शिकार मोकाट नाही. एके काळी होती. मांस आणि कातडं बाजारात विकण्यासाठी इतकी हरणं मारली, की १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीचं हरीण सगळ्या देशात तीन ते पाच लाखच उरलं, असा अंदाज आहे. मग तिथलं सरकार जागं झालं. १९०० साली लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेल्या जनावराचा राज्याराज्यांतला व्यापार बंद झाला. १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. आज तेच हरीण तीन कोटींच्या आसपास आहे.

आता तिथं शिकार कशी चालते? परवाना घ्यावा लागतो आणि त्यासोबत टॅग मिळतो. टॅग म्हणजे चिठ्ठी. एक चिठ्ठी, एक जनावर. कोणत्या भागात, कोणत्या आठवड्यांत, नर की बिनशिंगी, हे सगळं ठरलेलं असतं. चिठ्ठ्या संपल्या की शिकार संपली. जमीन शेतकऱ्याची असली तरी हरीण त्याचं नाही. किती चिठ्ठ्या काढायच्या हे राज्याचं खातं दरवर्षी मागच्या शिकारीचे आकडे बघून ठरवतं.

यातली खरी गोम आहे ती 'बिनशिंगी' या शब्दात. शिंगं नराला असतात. बिनशिंगी म्हणजे मादी आणि पिल्लं. कळप वाढतो तो मादीवर. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, म्हणून नर मारून कळप कमी होत नाही.

गणित करून बघा. समजा कळप शंभराचा, ६० माद्या, ४० नर. चिठ्ठ्या फक्त २०. वीस नर मारले, तर ६० माद्या उरल्या. प्रत्येकीचं एक पिल्लू जगलं तर पुढच्या वर्षी कळप १४०. त्याच वीस चिठ्ठ्या माद्यांवर वापरल्या, तर ४० माद्या, ४० पिल्लं, कळप १२०. चिठ्ठ्या तेवढ्याच, फरक वीस जनावरांचा, आणि तो दरवर्षी वाढत जातो. शिवाय १२० हा आकडाही शंभराहून जास्तच आहे. म्हणजे चिठ्ठ्या फार कमी असतील, तर मादीवर वापरूनही कळप वाढतच राहतो.

वाढ किती वेगानं होते याचा दाखला आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सुमारे साडेअकराशे एकरांच्या कुंपणात १९२८ साली सहा हरणं सोडली, दोन नर, चार माद्या. १९३३ च्या अखेरीस हाका घालून मोजली तेव्हा १६० भरली.

मग विस्कॉन्सिन राज्यानं १९९६ साली नियम काढला, की आधी एक बिनशिंगी हरीण मारा, तेव्हाच शिंगवाल्या नराची चिठ्ठी मिळेल. शिकाऱ्याला हवं असतं मोठ्या शिंगांचं डोकं. त्यांनी या नियमाला कडाडून विरोध केला आणि २०११ मध्ये तो रद्द झाला. म्हणजे तिथंही शास्त्र एकीकडं आणि हौस दुसरीकडं, अशी ओढाताण आहेच. त्याच राज्यात शेतकऱ्याला पिकाची भरपाई मिळते ती शिकाऱ्यांच्या परवाना फीमधून, आणि भरपाई हवी असेल तर शेत शिकारीला खुलं ठेवावं लागतं.

आता आपल्याकडं या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. मात्र कलम ११ मध्ये एक वाट आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यापासून उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं लिहून शिकारीचा लेखी परवाना देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं म्हणून त्याला मारण्याचा परवाना मिळत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा. आणि परवान्यानं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असतं.

म्हणजे आपल्याकडं परवाना आहे, पण त्यामागचा हिशेब नाही. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले. देशभर वाद झाला. पण किती होते, किती माद्या होत्या, पुढच्या वर्षी काय करायचं, यावर चर्चा झाली नाही.

मी कृषीचा पदवीधर. चार वर्षांत बोंडअळीवर मला किती शिकवलं त्याला गणती नाही, रोह्यावर एक तासही नाही. पण बोंडअळीसाठी जे शिकवलं तेच इथं लागू पडतं. आधी मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली की फवारा, आणि नंतर पुन्हा मोजा. न मोजता केलेली फवारणी पैसा खाते, न मोजता केलेली शिकारही तसंच करेल.

तेव्हा गावात जाऊन चार कामं करा.

एक, गावाची वही ठेवा. तारीख, गट नंबर, पीक, जनावर, कळप कितीचा, त्यात शिंगवाले किती, बिनशिंगी किती, पिल्लं किती. रोह्यातही शिंगं नरालाच असतात, त्यामुळं लांबूनही मोजता येतं.

दोन, नुकसान झालं की त्याच दिवशी अर्ज आणि पंचनाम्याची मागणी करा. आपण कंटाळून अर्जच करत नाही, मग कागदावर आपलं नुकसान शून्य दिसतं.

तीन, परवान्याचा अर्ज एकट्यानं नको, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून वहीच्या नकलेसह द्या. "रोही फार झाले" आणि "तीन महिन्यांत अमुक गटांत इतक्या वेळा, इतक्या जनावरांनी" यात फार फरक आहे.

चार, आणि हे हात जोडून सांगतो. धुऱ्यावरच्या तारेत थेट लाईनचा करंट सोडू नका. झटका मशीन वेगळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो. थेट करंटला रोही, वाघ आणि पहाटे पाण्यावर निघालेला शेजारी यांतलं काही कळत नाही. अशा तारेवर गेलेल्या माणसाच्या घरी मी बसून आलो आहे. तार लावणारा त्याचा चुलतभाऊ होता. एका घरात मयत, दुसऱ्या घरात तुरुंग, आणि रोही तुरीत होतेच.

वन्यप्राणी देशाचे असतील, तर त्यांच्या चाऱ्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यानं का सोसायचा? हा आपला प्रश्न आहे. तो आकड्यांनिशी विचारा. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावानं आपली वही आणायची आहे.