मातेचे मन आणि विकासाचा हिशेब



माता-आरोग्यातील प्रगती आपण आकड्यांनी मोजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2005-06 मधील 38.7 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 88.6 टक्क्यांवर गेले. परंतु सुखरूप घरी परतलेल्या मातेच्या मनाची नोंद कोणत्या रकान्यात होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गर्भावस्थेत 15.6 टक्के, तर प्रसूतीनंतर 19.8 टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतो. बाळंतपणानंतरचे काही दिवसांचे रडवेलेपण आपोआप ओसरते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी आणि बाळाविषयीची अलिप्तता ही मात्र आजाराची लक्षणे होत. तो उपचारांनी बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास त्याची झळ स्तनपानाला, बाळाच्या वाढीला आणि कुटुंबाच्या उत्पन्नालाही बसते.

यासाठी स्वतंत्र यंत्रणाच हवी असे नाही. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती 42 दिवसांत सहा गृहभेटी देते. बाळाचे वजन घेताना ‘झोप लागते का, मन रमते का?’ एवढे तिला मातेला विचारता येईल. गरजू मातेला डॉक्टरांकडे पाठविता येईल. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांकही देता येईल. गोव्यात प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांनी नैराश्यग्रस्त गर्भवतींना असा आधार दिला. त्याचे आशादायक निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र आशांचा मोबदला प्रामुख्याने कामानुसार ठरतो. वाढीव कामाची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर हा प्रश्न कागदावरच विचारला जाईल. मातेचे मन हा खर्च नसून पुढच्या पिढीतील गुंतवणूक आहे.