दीवला जायचं ठरवताना

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला पुलांनी जमिनीशी जोडलेलं दीव हे बेट एका दिवसात उरकून टाकणारे पुष्कळ. माझ्या मते दोन रात्री तरी राहावं. मुक्काम दीव गावातच करावा. नागवा किनाऱ्यावरची हॉटेलं समुद्राजवळ खरी, पण किल्ला, चर्च, जुन्या पोर्तुगीज गल्ल्या सगळं गावात, पायी फिरण्याजोगं.

किल्ल्यासाठी एक अख्खी सकाळ ठेवा. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह केला आणि 1535मध्ये हा किल्ला उभा राहू लागला. मदतीला बोलावलेले पाहुणे मग 1961पर्यंत हललेच नाहीत! तटावर आजही तोफा आहेत आणि समोर पाण्यात पाणीकोठा हा छोटा दुर्ग दिसतो. डोक्यावर टोपी मात्र हवी. वर सावली फार थोडी.

गंगेश्वराला भरतीच्या वेळी जा. कपारीतल्या शिवलिंगांवर लाटाच अभिषेक करतात. 9 डिसेंबर 1971 रोजी याच समुद्रात बुडालेल्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेचं स्मारकही चुकवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान. दिवाळीचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, कारण गुजरातेत दारूबंदी आणि इथे नाही. त्यामुळे तेव्हा तिथून गर्दी लोटते, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग. परतताना बाटली सामानात ठेवू नका, हद्दीवरच्या नाक्यावर तपासणी होते. रेल्वेने येणाऱ्यांनी वेरावळला उतरावं. पुढे सुमारे नव्वद किलोमीटर बस किंवा टॅक्सी.