‘आमच्या खानदानातच आहे’

(नारायणगडाच्या पायथ्याशी झालेल्या युवक मेळाव्यातील भाषण)



सकाळी तुमच्यापैकी बरेच जण गड चढून आलात. वर पोचल्यावर धाप लागली आणि पाच मिनिटांत उतरली. ती तरुणाईची धाप. मला माझ्या चाचांच्या धापेविषयी बोलायचं आहे.

चाचा मणियार होते. आषाढी एकादशीला आपल्या या धाकट्या पंढरीला गर्दी लोटते, तेव्हा त्यांचं बांगड्यांचं दुकान इथं ठरलेलं असायचं. शेवटच्या वर्षी पेटी घेऊन चढताना ते तीनदा थांबले. छाती आवळल्यासारखी व्हायची, डावा हात जड व्हायचा, थांबलं की बरं वाटायचं. ‘गॅस धरलाय’ म्हणून त्यांनी सोडा प्यायला. घरी आम्ही ओवा दिला. दीड महिन्यानं पहाटे ते गेले. वय ४९. त्यांचे वडील, म्हणजे माझे दादा, तेही असेच अचानक गेले होते. मय्यतीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं एकच सांगितलं, ‘तुमच्या खानदानातच आहे, तकदीर.’

मी डॉक्टर नाही. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो. खानदानातून नेमकं काय येतं?

आधी अटॅक कसा येतो ते पाहू. आपल्याला वाटतं, पाइपात गाळ साचतो तशी नळी तुंबते. ते अर्धंच खरं आहे. कोलेस्टेरॉल नळीच्या भिंतीत शिरतं. शरीर त्याला परकं समजतं आणि पांढऱ्या पेशी धाडतं. त्या पेशी चरबी खाऊन तिथंच अडकतात आणि भिंतीच्या आत गळू धरावं तशी जागा तयार होते. याला दाह म्हणतात. वरचा पापुद्रा पातळ होत जातो, एक दिवस फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि मिनिटांत नळी बंद. म्हणून निम्मीसुद्धा न तुंबलेली नळी कधी कधी जीव घेते.

या दाहाची एक खूण मी रोज मोजतो. तिचं नाव सीआरपी. ताप आला, जंतुसंसर्ग झाला की हे प्रथिन रक्तात भराभर वाढतं. पण ताप नसतानाही ज्यांचं सीआरपी थोडं चढलेलं राहतं, त्यांना पुढे अटॅक जास्त येतात, असं अभ्यासांत दिसत होतं. मग प्रश्न आला: सीआरपी ही आग आहे की नुसता धूर?

इथे जीन कामाला आले. आईबापांचे कोणते जीन मुलाला मिळणार, हे भिशीच्या चिठ्ठीसारखं ठरतं. त्यात श्रीमंत-गरीब नाही, बिडी ओढणारा-न ओढणारा नाही. काही लोकांना जन्मतःच असा जीन मिळतो की त्यांचं सीआरपी आयुष्यभर चढलेलं राहतं. सीआरपी हीच आग असती, तर त्यांना अटॅक जास्त यायला हवे होते. कोपनहेगनमध्ये ५० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, तो २००८ साली छापून आला. तसं काही आढळलं नाही. म्हणजे सीआरपी हा धूर.

आग कुठे होती? तुम्हाला २०२१ आठवत असेल. कोरोनात टोसिलिझुमॅब इंजेक्शनसाठी माणसं शहरभर फिरत होती. आयएल-६ हा शरीरात दाहाचा निरोप पोचवणारा पदार्थ आहे. तो निरोप ज्या दारातून पेशीत जातो, ते दार हे इंजेक्शन अडवतं. काही लोकांच्या जीनमध्ये असा बदल असतो की हे दार जन्मापासूनच थोडं कमी उघडतं. अशा लोकांची पाहणी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन मोठ्या लेखांत आली. त्यांना हृदयरोग खरोखर कमी होता. किती कमी? त्या जीनच्या एका प्रतीमागे सुमारे ३ ते ५ टक्के.

मी हे वाचून थोडा नाराजच झालो. एवढा गाजावाजा, आणि ५ टक्के! मग लक्षात आलं, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या छोट्या आकड्यातच आहे. चाचांना चांगली चिठ्ठी आली नसेलही. पण त्यांनी चौदाव्या वर्षी बिडी धरली होती. भारतासह ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, जो २००४ मध्ये आला, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत अटॅकचा धोका जवळजवळ तिप्पट दिसला आणि मधुमेह असलेल्यांत दुपटीहून अधिक. तंबाखू नुसती चघळणाराही सुटत नाही. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, इतरांना ५९ च्या आसपास. आणि फरकाचं मोठं कारण हेच, की हे नेहमीचे धोके आपल्याकडे कमी वयात येतात.

खानदानातून फक्त जीन येत नाहीत, बाबांनो. तंबाखूची चंचीही येते. जेवणातलं मीठ येतं. ‘पुरुषाच्या जातीनं डॉक्टरकडे काय जायचं’ हेसुद्धा वारशातच मिळतं.

‘पण मी तर सडपातळ आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक पुण्याची गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोघांची उंची-वजनाची मोजणी एकच, बीएमआय २२.३. मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक, आतून चरबी धरून. ही चरबी गप्प बसत नाही, ती आयएल-६ सोडते. याज्ञिकांच्या चमूनं पुढे पुण्याच्या आसपासची खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणचे पुरुष तपासले. खेड्याकडून शहराकडे जाताना चरबी वाढत गेली, तसा दाहही. आपल्यातली कितीतरी मुलं बीड सोडून पुण्याला कंपनीत आणि डिलिव्हरीला जातात. जीन तेच घेऊन जातात, पण पोट वेगळं घेऊन येतात.

मग दाह कमी करणारी गोळीच का घेऊ नये? प्रयोग झाले. २०१७ मध्ये आधी अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब नावाच्या इंजेक्शनची चाचणी झाली. धोका सुमारे १५ टक्के घटला, पण जंतुसंसर्गानं दगावणारे वाढले. साहजिक आहे, दाह हा आपला पहारेकरीही आहे. कोल्चिसिन हे गाऊटचं जुनं, स्वस्त औषध. २०२० च्या चाचणीत त्यानं जुन्या हृदयरुग्णांचा धोका ३१ टक्क्यांनी घटवला. २०२४ मध्ये ताज्या अटॅकच्या सात हजारांवर रुग्णांत मात्र फायदा दिसला नाही. हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका: पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलते त्या कळलावीत हेच कोल्चिसिन असतं. कुणी जडीबुटी म्हणून तिचा कंद दिला तर खाऊ नका. जीव जातो.

मघाशी एका बहिणीनं चिठ्ठी पाठवली, ‘जीन टेस्ट करून घ्यावी का?’ काही हजार रुपये देऊन तुम्हाला असे चार-पाच टक्क्यांचे आकडे कळतील, तेही बहुतेक युरोपातल्या लोकांवरून काढलेले. त्यापेक्षा घरी जाऊन अम्मीला विचारा, कोण किती वर्षांचं असताना गेलं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयानं आजारी पडले असतील, तर तुमची बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलची तपासणी तिशी उलटायची वाट पाहू नये. तीन तपासण्या मिळून एका बिर्याणीच्या पार्टीपेक्षा स्वस्त पडतात. मी स्वतः त्या करतो, मला दर माहीत आहेत. आणि चढताना छाती आवळली, थांबल्यावर बरं वाटलं, तर तो गॅस समजू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा. बसल्या जागी दुखलं आणि थांबेना, तर १०८ ला फोन. सोडा नाही, ओवा नाही.

चाचांचा मुलगा तिथे मागे बसलाय. वय ३१. त्याला विचारूनच सांगतो: गेल्या वर्षी उपाशीपोटी शुगर १३८ निघाली. निकालाचा कागद मीच त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, ‘भाईजान, खानदानातच आहे ना.’ मी म्हटलं, ‘आहे. म्हणून तर तपासली.’ बिडी त्यानं सोडली, दोनदा परत धरली, तिसऱ्यांदा सोडलीय. औषध चालू आहे. गेल्या महिन्यातली शुगर ११२.

बीपीचं मशीन त्या नीमखालच्या टेबलावर मांडलंय. पहिला नंबर त्याचा लावलाय, दुसरा माझा. तिसऱ्यापासून तुमचे.