कावळा : ऐकलेला आणि पाहिलेला



वसंतात बोलावयाचे तर कोकिळेवर बोलावे, असा रिवाज आहे. आम्ही आज कावळ्यावर बोलणार आहोत. पण कोकिळा त्यात येईलच, कारण कावळ्यावाचून तिचा संसार चालत नाही.

प्रथम ओळख करून घेऊ. आपल्या दारात येतो तो गावकावळा. त्याची मान राखी असते. सर्वांगी काळा, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. इंग्रजी गोष्टींतला रॅव्हन तो हा नव्हे. रॅव्हन हिमालयात आणि वायव्येकडील रूक्ष मुलखात राहतो.

आता कावळ्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी घेऊ आणि त्या डोळ्यांच्या कसोटीला लावून पाहू.

पहिली गोष्ट ही, की कोकिळेची पिले कावळा वाढवितो. संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’, म्हणजे परक्याने पोसलेली, असे नाव आहे. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. कोकिळेचे अंडे रंगाने कावळ्याच्या अंड्यासारखेच, पण आकाराने लहान असते आणि दोन-तीन दिवस आधी फुटते. मग ते पिलू आधी चोच उघडते आणि आधी घास मिळविते. ज्याने हा शब्द घडविला, तो नुसता पोथीत डोके घालून बसलेला नव्हता. त्याने झाडाकडे पाहिले होते.

दुसरी गोष्ट, कावळा एकाक्ष असल्याची. एकच बुबुळ दोन्ही खोबणींत फिरते, असे मानून शास्त्रकारांनी ‘काकाक्षिगोलकन्याय’ही रचला. वस्तुतः कावळ्याला दोन चांगले डोळे असतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे एखादी वस्तू निरखताना तो मान वाकडी करून एक डोळा तिच्यावर रोखतो, मग मान फिरवून दुसरा. लोकांनी मान फिरताना पाहिली आणि बुबुळ फिरते असे ठरविले. पाहिले ते खरे; त्यावरून काढलेले अनुमान मात्र खोटे.

तिसरी गोष्ट पावसाची. आंबा-करंजावर घरटे झाले तर पाऊस चांगला आणि बाभळी-बोरीवर झाले तर पावसाची ओढ, असे खेड्यापाड्यांत सांगतात. यावर हसू नये आणि विश्वासूही नये. एकाच गावात एक जोडी आंब्यावर आणि दुसरी बाभळीवर बसली, तर कोणाचे ऐकावयाचे? जेथे झाडेच उरली नाहीत तेथे काय? मुंबईसारख्या शहरात कावळे लोखंडी तारांची घरटी करतात. ती कोणत्या झाडात मोजावयाची? पेरणी म्हणजे घरातले बियाणे आणि वर्षाची भाकरी. ती पणाला लावावयाची, तर एका घरट्याची साक्ष पुरेशी नाही.

ही साक्ष गोळा करणे आपल्या हाती आहे. चैत्र-वैशाखात चोचीत काटकी घेऊन जाणारा कावळा दिसला, की तो कोठे उतरतो ते पाहावे. वहीत तारीख, झाडाचे नाव आणि घरट्याची अदमासे उंची लिहावी. दिसतील तितकी सर्व घरटी लिहावीत. आपल्या मताला सोयीची तेवढीच नव्हेत. पावसाळा संपल्यावर तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा आकडा त्याच पानावर नोंदवावा. दहा गावांतून दहा वर्षे हे झाले, तर वाद घालण्याचे कारण उरणार नाही.

एक विनंती आहे. पिले उडावयास शिकतात तेव्हा कावळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात, आणि मग घरटे काठीने पाडले जाते. हा राग थोड्या दिवसांचा असतो. तेवढे दिवस छत्री उघडून जावे. घरटे पाडले तर कावळ्याची पिले जातीलच, आणि त्यांच्याबरोबर कदाचित कोकिळेचेही जाईल.

दशपिंडाच्या दिवशी आपण कावळ्याची तासन्‌तास वाट पाहतो. इतर दिवशी तो न बोलावता येतो. तेव्हा त्याच्याकडे पाच मिनिटे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.